कर्नल सायक्स आणि भीमेच्या खोऱ्यांतील मासे



शाळांतून थोर पुरुषांचीं जीं चरित्रें वाचलीं जातात, तीं बहुतकरून राजे, सेनापति, साधुसंत किंवा वक्ते यांचीं असतात. जो नदीकांठीं तंबू ठोकून बसला, माशाच्या अंगावरचे खवले मोजीत राहिला आणि रोज ठराविक वेळीं हवेचा दाब टिपून ठेवीत आला, अशा माणसाचें चरित्र सहसा कोणी सांगत नाहीं. म्हणून यंदा आम्ही अशाच एका पुरुषाची हकीकत सांगण्याचें योजिलें आहे. त्यांचें नांव कर्नल विल्यम हेन्री सायक्स. ते पेशानें शिपाई होते. आणि ज्या लढाईनें पेशवाई बुडाली, त्या लढाईंत ते आमच्या विरुद्ध बाजूस उभे होते. तरीसुद्धां भीमा, मुळा, मुठा आणि त्यांना मिळणाऱ्या नद्या यांतील माशांना शास्त्राच्या दरबारांत त्यांच्या मराठी नांवांनीं प्रथम उभें केलें तें याच गृहस्थांनीं.

मावळांत राहणाऱ्या मुलांना ही हकीकत विशेष जवळची वाटावी. इंद्रायणी लोणावळ्याजवळ कुरवंड्याच्या डोंगरांत उगम पावते, कार्ल्याच्या लेण्यांखालून वाहत कामशेत, देहू, आळंदी अशीं गांवें घेत तुळापुरास भीमेला मिळते. पवना त्याच सह्याद्रीच्या कुशींतून निघून दापोडीस मुळेला मिळते. या नद्यांतील माशांची जी जात सायक्ससाहेबांनीं वर्णिली, तीच जात त्यांच्या पश्चात् सुमारें शंभर वर्षांनीं लोणावळ्यासच पुन्हां वाढविण्यांत आली. शिवाय पाण्यांत बुडून राहणारा मासा श्वास कसा घेतो, हा जो प्रश्न प्रत्येक मुलाला एकदां तरी पडतो, त्याचें उत्तरहि या चरित्राच्या ओघांत आम्हांस देतां येईल.

सायक्ससाहेबांचा जन्म २५ जानेवारी १७९० रोजीं इंग्लंडांतील यॉर्कशायर परगण्यांत झाला. १८०३ सालीं, म्हणजे वयाचीं चौदा वर्षेंहि पुरीं झालीं नसतां, ते ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई लष्करांत उमेदवार म्हणून दाखल झाले. आमच्या शाळेंतील सातवी-आठवींतील मुलांनीं क्षणभर हें वय ध्यानांत आणावें. १८०५ सालीं लॉर्ड लेक यानें भरतपूरच्या किल्ल्यास वेढा दिला, त्या मोहिमेंत हा मुलगा होता. तो किल्ला इंग्रजांना त्या वेळीं घेतां आला नाहीं. तेव्हां युद्धाचा पहिला धडा त्याला पराभवाच्या शाळेंतच मिळाला. पुढें त्यानें हिंदुस्थानी व मराठी या दोन्ही भाषांचा अभ्यास केला. पुष्कळ अधिकारी दुभाष्याच्या तोंडानें बोलत व दुभाष्याच्या कानानें ऐकत. ज्याला स्वतः भाषा येते, त्याला शेतकरी, भोई, कोळी यांच्या तोंडचा शब्द सरळ ऐकूं येतो. या अभ्यासाचें फळ पुढें कसें आलें, तें आपण पाहूंच.

५ नोव्हेंबर १८१७ रोजीं खडकीस लढाई झाली, व त्याच महिन्यांत पुणें इंग्रजांच्या हातीं गेलें. या दोन्ही प्रसंगीं सायक्ससाहेब कंपनीच्या देशी पलटणींपैकीं एका तुकडीचे अधिकारी होते. नंतर डोंगरी किल्ले घेण्याच्या कामींहि ते होते. १८१९ सालीं त्यांना कॅप्टनचा हुद्दा मिळाला. हा भाग आम्ही मुद्दाम झांकून ठेवीत नाहीं. विद्येच्या सेवेसाठीं एखाद्याचा गौरव करावयाचा म्हणून त्याच्या आयुष्यांतील तरवारीचें पान फाडून टाकावें, हें चरित्रलेखकास शोभत नाहीं.

१८२० सालीं ते रजा घेऊन युरोपांत गेले व चार वर्षें तिकडे हिंडले. १८२४ सालीं परत आले, तेव्हां मुंबईचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनीं त्यांना एक नवेंच काम दिलें. दख्खनचा प्रांत नुकताच कंपनीकडे आला होता. त्यांतील गांवें किती, माणसें किती, जमीन कोणत्या हक्कानें कसली जाते, धान्य काय भावानें विकलें जातें, पाऊस किती पडतो, खडक कोणता, झाडें व जनावरें कोणतीं, ही सारी माहिती गोळा करावयाची होती. त्या अधिकाऱ्यास स्टॅटिस्टिकल रिपोर्टर असें नांव होतें. या कामाचा हेतु राज्यकारभाराचा व सारावसुलीचा होता, हें उघड आहे. परंतु काम करणारा माणूस मनापासूनचा जिज्ञासु असला म्हणजे सरकारी हेतूच्या पलीकडेहि ज्ञानाची भर पडते, तसें येथें झालें.

पुणें, अहमदनगर, खानदेश व धारवाड या चार जिल्ह्यांत त्यांचा तंबू वर्षानुवर्षें फिरत होता. वायुभारमापक, उष्णतामापक अशीं यंत्रें त्यांच्या सामानांत असत. हवेचा दाब रोज दोनदां चढतो व दोनदां उतरतो. सकाळीं नऊ-दहाच्या सुमारास तो अधिक असतो, दुपारीं चार-पांचच्या सुमारास कमी होतो, आणि रात्रीं पुन्हां तोच क्रम चालतो. समुद्रास जशी भरती-ओहोटी, तशीच ही हवेची भरती-ओहोटी. दख्खनच्या पठारावर हा क्रम किती नियमानें चालतो, हें त्यांनीं आपल्या टिपणांवरून दाखविलें, आणि १८३५ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीच्या ग्रंथांत तें प्रसिद्ध झालें. हरिश्चंद्रगडाच्या कड्यावरून खालच्या धुक्यांत दिसणाऱ्या वर्तुळाकार इंद्रधनुष्याचें वर्णनहि त्यांनीं करून ठेविलें आहे.

त्यांची आणखी एक युक्ति आमच्या विषयाच्या फार जवळची आहे. उंच जागीं हवेचा दाब कमी असतो, म्हणून पाणी कमी उष्णतेवर उकळूं लागतें. समुद्रकांठीं पाणी फॅरनहाइटच्या २१२ अंशांवर उकळतें. आणि वर चढतांना दर सुमारें ५०० फुटांस एक अंश कमी होत जातो. लोणावळें समुद्रसपाटीपासून सुमारें २,००० फूट उंच आहे. तेथें पाणी सुमारें २०८ अंशांवरच उकळतें. तेव्हां एक भांडें, थोडें सरपण आणि एक साधा उष्णतामापक जवळ असला, तर कोणत्याहि डोंगराची उंची बरीचशी अजमावतां येते. हीच गोष्ट सायक्ससाहेबांनीं १८३८ सालीं रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीच्या नियतकालिकांत लिहिली. महाग वायुभारमापक वाटेंत फुटतो. साधें यंत्र कोणालाहि नेतां येतें. ज्ञानाचीं साधनें स्वस्त व टिकाऊ असावींत, हा त्यांचा कटाक्ष शिकण्याजोगा आहे.

१८२९ च्या डिसेंबरांत सरकारनें काटकसरीसाठीं ही जागाच मोडून टाकली. दुसरा कोणी असता तर दप्तर बांधून पलटणींत परतला असता. सायक्ससाहेबांनीं लष्करी कामावरून रजा मागितली आणि हातीं घेतलेलें काम जानेवारी १८३१ पर्यंत स्वखुशीनें चालवून पुरें केलें. मग ते विलायतेस निघून गेले. विद्यार्थ्यांनीं या एका वर्षाकडे अधिक लक्ष द्यावें. आज्ञा असतांना काम सगळेच करतात. आज्ञा संपल्यावर जो करतो, त्याचें तें काम खरें.

त्यांनीं दख्खनच्या सस्तन प्राण्यांची यादी १८३१ सालीं व पक्ष्यांची यादी १८३२ सालीं लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीपुढें मांडली. तींत पन्नासाहून अधिक पक्षी शास्त्राला नवे होते. ओढ्याकांठीं निश्चळ उभा राहणारा, उडाला म्हणजे एकदम पांढराशुभ्र दिसणारा जो ढोकरी बगळा मावळांत घरोघरीं ठाऊक आहे, तो त्यांपैकींच एक. पण आमच्या दृष्टीनें त्यांचा सर्वांत मोलाचा प्रबंध माशांवरचा आहे. तो १८३८ सालीं सोसायटीपुढें वाचला गेला व १८४१ सालीं चित्रांसह छापला गेला. त्यांत भीमा नदी व तिला मिळणाऱ्या नद्या यांतील चाळीसाहून अधिक जातींचें वर्णन आहे.

हें काम झालें कसें, तें पाहण्यासारखें आहे. छावणी ज्या नदीच्या कांठीं पडे, तेथेंच मासे धरले जात. साहेबांच्या तंबूंतच त्यांच्या नजरेसमोर एक चितारी बसलेला असे. मासा जिवंत असतां किंवा नुकताच मेला असतां त्याचें माप घेऊन तो त्याचें चित्र काढी. मेलेल्या माशाचा रंग घटकाभरांत उतरतो, हें ज्यानें मासळीबाजार पाहिला आहे त्याला सांगावयास नको. म्हणून या घाईचें महत्त्व मोठें होतें. मग तोंड कसें आहे, मिशा किती, परांतले कांटे किती, खवल्यांच्या ओळी किती, हें सारें वर्णन लिहिलें जाई.

नांवें देतांना त्यांनीं जें केलें, त्याबद्दल मराठी माणसानें त्यांचें आभारी असावें. शास्त्रीय नांव दोन शब्दांचें असतें व तें लॅटिन वळणाचें लागतें. दुसरा शब्द म्हणून त्यांनीं पुष्कळ ठिकाणीं नदीकांठच्या लोकांच्या तोंडचा शब्दच घेतला. शिंगटी, कोळस, मळ्या, नकटा, फुलुंगी हे शब्द इंग्रजी वळणानें लिहिले जाऊन जगांतील सर्व मत्स्यशास्त्रज्ञांच्या ग्रंथांत गेले, आणि आजतागायत तेथें आहेत. नकटा हा मासा तर नांवासारखाच आहे. त्याच्या नाकाडावर खोल खांच पडलेली असते. रोहटी या मराठी नांवावरून त्यांनीं माशांच्या एका संपूर्ण कुळीलाच नांव दिलें. सापासारख्या एका लांबट माशाला मात्र त्यांनीं आपल्या गव्हर्नरसाहेबांचें, एल्फिन्स्टन यांचें, नांव दिलें. आमच्याकडे ज्याला खडशी म्हणतात व इतरत्र महसीर म्हणतात, त्या मोठ्या, जाड खवल्यांच्या माशाचें वर्णनहि त्यांनींच खुद्री या नांवानें केलें.

आतां आम्ही मूळ प्रश्नाकडे वळतों. हे सारे मासे पाण्याखालीं श्वास कसा घेतात?

मुलांत दोन समज आढळतात. एक असा, कीं माशाला हवा लागतच नाहीं. दुसरा, पाणी हें प्राणवायु व हायड्रोजन यांचें झालेलें आहे असें शिकल्यानंतरचा, कीं मासा पाणी फोडून त्यांतला प्राणवायु घेतो. दोन्ही समज चुकीचे आहेत. पाणी फोडण्याची शक्ति माशांत नाहीं. पाण्यांत साखर विरघळते, तशी थोडी हवाहि विरघळलेली असते. त्या विरघळलेल्या प्राणवायूवरच मासा जगतो. पातेलें चुलीवर ठेविलें असतां पाणी उकळण्याच्या पुष्कळ आधीं तळाशीं व कडेला बारीक बुडबुडे जमतात. ती वाफ नव्हे. ती पाण्यांतून बाहेर पडणारी हवा होय. असें उकळलेलें पाणी न ढवळतां, झांकून निववलें आणि त्यांत मासा सोडला, तर तो पाण्यांत असूनहि गुदमरेल. डोंगराची उंची मोजण्यासाठीं सायक्ससाहेब जें पाणी उकळीत, त्याच्या पहिल्या बुडबुड्यांत माशाचा श्वास होता, असें म्हटलें तर तें चुकीचें होणार नाहीं. सायक्ससाहेब हिंदुस्थानांत येऊन थोडींच वर्षें झालीं असतां, १८०९ सालीं, हुंबोल्ट व प्रोव्हांसाल या दोघां शास्त्रज्ञांनीं माशांच्या श्वासोच्छ्वासाचें संशोधन प्रसिद्ध केलें होतें. नदीच्या पाण्यांतील वायु मोजून, मासा त्यांतला किती घेतो व काय परत टाकतो, हें त्यांनीं तपासलें होतें.

पण ही हवा किती थोडी असते पाहा. एक लिटर हवेंत सुमारें २१० घनसेंटिमीटर प्राणवायु असतो. तोच एक लिटर नदीच्या पाण्यांत, वीस अंश सेंटिग्रेडवर, फार तर सहा घनसेंटिमीटर असतो. म्हणजे माशाला आमच्या मानानें तिसांतला एक हिस्सा मिळतो, आणि तोहि हवेच्या आठशेंपट जड अशा पाण्यांतून काढावा लागतो. ही गरज भागविणारें इंद्रिय म्हणजे कल्ले. बाजारांत मासा ताजा आहे कीं नाहीं हें पाहण्यासाठीं गिऱ्हाईक जें झांकण उचलून आंतला लाल रंग पाहतें, तेच हे. माशाच्या डोक्याच्या प्रत्येक बाजूस बहुधा चार कमानी असतात. प्रत्येक कमानीवर फणीच्या दातांसारख्या तंतूंच्या दोन रांगा, आणि प्रत्येक तंतूवर अगदीं पातळ पडद्यांची चळत. त्या पडद्यांतून रक्त वाहत असतें; म्हणूनच तो लाल रंग. हे सारे पडदे उलगडून पसरले, तर त्यांचा विस्तार माशाच्या अंगाच्या बाहेरच्या कातडीहूनहि पुष्कळ अधिक भरतो.

मासा तोंड उघडतो तेव्हां कल्ल्यांचें झांकण मिटलेलें असतें व पाणी आंत शिरतें. मग तो तोंड मिटतो, झांकण उघडतें, आणि पाणी कल्ल्यांवरून घसरत बाहेर पडतें. यांत सृष्टीची मोठी कुशलता अशी, कीं पाणी ज्या दिशेनें वाहतें त्याच्या उलट दिशेनें पडद्यांतलें रक्त वाहतें. दोन्ही एकाच दिशेनें वाहिलीं असतीं, तर पाण्यांतला निम्मा प्राणवायु रक्तांत गेल्यावर दोहोंकडे सारखें होऊन देवघेव थांबली असती. उलट दिशेमुळें रक्त जसजसें पुढें जातें, तसतसें त्याला अधिकाधिक ताजें पाणी भेटतें. आणि पाणी जसजसें रितें होतें, तसतसें त्याला अधिक भुकेलेलें रक्त भेटतें. या रचनेमुळें कांहीं मासे पाण्यांतील प्राणवायूपैकीं शेंकडा ८० पर्यंत काढून घेतात. मग मासा उघड्या हवेंत, जेथें प्राणवायु तीसपट आहे तेथें, कां मरतो? पाण्याचा आधार जातांच ते नाजूक पडदे, भिजलेल्या कागदांसारखे, एकमेकांस चिकटतात आणि वाळूं लागतात. भरल्या ताटापाशीं बसून तोंड उघडतां येऊं नये, तशी त्याची गत होते.

सर्व माशांची गरज मात्र सारखी नसते; तींत दोन टोकें सांपडतात. एका बाजूस मरळ व मागूर. मरळाच्या कल्ल्यांच्या वर हवा सांठविण्याची पोकळी असते, आणि मागुराच्या अंगांत झाडाच्या फांद्यांसारखें एक इंद्रिय असतें. हे मासे अधूनमधून वर येऊन सरळ हवेचा घोट घेतात. म्हणून चिखलाच्या डबक्यांतहि तग धरतात. दुसऱ्या बाजूस खडशी. तिला थंड, स्वच्छ, खडकांवरून फेसाळत जाणारें पाणी हवें. थंड पाण्यांत प्राणवायु अधिक विरघळतो. उन्हाळ्यांत तापलेल्या पाण्यांत तो कमी होतो. पाणी जेथें खडकांवर आपटतें, तेथें बाहेरची हवा त्यांत अधिक मिसळते. मृगाच्या पहिल्या पावसांत मावळांतील ओढे फुगले म्हणजे प्रवाहाच्या उलट चढणारे मासे, ज्यांना आम्ही चढणीचे मासे म्हणतों, ते ताज्या, हवेनें भरलेल्या पाण्यांतूनच वर जात असतात, आणि तेथें आपलीं अंडीं घालतात.

विलायतेस परतल्यावर सायक्ससाहेबांचें आयुष्य विसाव्यांत गेलें नाहीं. १८३३ सालीं ते कर्नलच्या हुद्द्यानें लष्करांतून निवृत्त झाले. १८३४ सालीं ते रॉयल सोसायटीचे सभासद झाले, आणि त्याच वर्षीं लंडनची स्टॅटिस्टिकल सोसायटी स्थापन करणाऱ्यांत ते होते. १८३७ सालीं त्यांनीं जुन्नरच्या लेण्यांतील शिलालेखांवर लेख प्रसिद्ध केला. १८४० सालीं ते कंपनीचे डायरेक्टर झाले व १८५६ सालीं तिचे अध्यक्ष. १८५७ सालीं अबर्डीन शहरातर्फे ते पार्लमेंटांत निवडून आले, आणि पुढल्याच वर्षीं रॉयल एशियाटिक सोसायटीचे अध्यक्ष झाले.

हवेचा जुना ध्यास मात्र त्यांनीं सोडला नाहीं. उंच आकाशांत हवा कशी असते, हें विमानाच्या अभावीं फुग्यांतून जाऊन मोजावें, म्हणून ब्रिटिश असोसिएशननें नेमलेल्या मंडळाचे ते पुढारी होते. या खटपटींतून जेम्स ग्लेशर व हेन्री कॉक्सवेल हे दोघे १८६२ सालीं फुग्यांतून वर गेले. ५ सप्टेंबर रोजीं ते सुमारें २९,००० फुटांवर पोंचले असतां विरळ हवेनें ग्लेशर बेशुद्ध झाले. कॉक्सवेलचे हात थंडीनें निकामी झाले होते. त्यानें दांतांनीं दोरी ओढून फुगा खालीं आणला व दोघांचे प्राण वांचले. पाण्याबाहेर काढलेला मासा आणि हवेच्या समुद्राच्या वरच्या थराला गेलेला माणूस, या दोघांची दशा फारशी निराळी नाहीं. आम्हीहि एका सागराच्या तळाशीं राहणारे जीव आहों, एवढेंच, कीं आमचा सागर हवेचा आहे. कर्नल सायक्स १६ जून १८७२ रोजीं लंडनमध्यें निवर्तले.

चरित्र येथें संपतें, पण त्यांनीं वर्णिलेल्या खडशीची कथा संपत नाहीं. टाटांच्या कंपनीनें लोणावळें, वळवण व शिरवटा येथें धरणें बांधून तें पाणी घाटाखालीं दीड हजार फुटांहून अधिक खोल सोडलें, आणि १९१५ सालीं खोपोलीची वीज मुंबईस पोंचूं लागली. धरणांमुळें नद्यांचें रूप पालटलें. खडशीसारख्या चढणीच्या माशाच्या वाटा तुटल्या. १९७० च्या सुमारास त्याच टाटा कंपनीनें लोणावळ्यास वळवणच्या तलावापाशीं खडशीचीं पिलें वाढविण्याचें केंद्र काढलें. डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनीं या माशाच्या अंड्यांचा व पिलांच्या वाढीचा अभ्यास प्रसिद्ध केला. पक्व नर-मादींपासून अंडीं मिळवून तीं वाहत्या पाण्याच्या तबकांत ठेवीत. कारण अंड्यालाहि श्वास लागतो, आणि पाणी थांबलें कीं अंडें कुजतें. येथून लाखों पिलें देशांतील निरनिराळ्या जलाशयांत सोडलीं गेलीं.

या सत्कृत्यालाहि एक दुसरी बाजू निघाली, ती लपविणें योग्य नव्हे. लोणावळ्याचीं पिलें दक्षिणेस कावेरी नदींत सोडण्यांत आलीं. तेथें कुबडाच्या महसीरची एक स्वतंत्र, फार मोठी जात पिढ्यान् पिढ्या राहत होती. पाहुणी खडशी तेथें इतकी फोंफावली, कीं घरची जात मागें पडली; आणि २०१८ सालीं ती अत्यंत धोक्यांत असलेल्या प्राण्यांच्या यादींत गेली. एका नदीला जें औषध, तें दुसरीला विष होऊं शकतें. कोणता जीव कोणत्या नदीचा, हें आधीं नीट जाणून मगच हात घालावा, हा त्यांतला धडा. सायक्ससाहेबांनीं प्रत्येक माशापुढें त्याच्या नदीचें नांव लिहून ठेविलें, त्याचें मोल अशा वेळीं कळतें.

आतां या पुरुषाचें मूल्यमापन कसें करावें? ते जेत्यांपैकीं होते, आणि त्यांचीं टिपणें जेत्यांच्या दप्तरासाठीं होतीं. त्यांच्या तंबूंत बसून ज्यानें चित्रें काढलीं, त्या चिताऱ्याच्या नांवास त्यांच्या नांवाबरोबर कीर्ति मिळाली नाहीं. ज्या भोयांनीं जाळें टाकून मासा वर काढला आणि हा नकटा, हा कोळस, ही शिंगटी असें सांगितलें, तेहि निनांवी राहिले. खरें पाहतां त्या प्रबंधाचे निम्मे कर्ते तेच होते. तथापि ज्या काळीं आमच्यांतील पढीक लोक भोयाच्या बोलण्याकडे लक्ष देत नव्हते, त्या काळीं एका परक्या अधिकाऱ्यानें तें ऐकलें, जसेंच्या तसें लिहिलें, आणि जगापुढें ठेविलें, हेंहि तितकेंच खरें आहे. त्यामुळेंच शिंगटी हा शब्द आज जपानांतील अभ्यासकालाहि ठाऊक असूं शकतो. आणि नदीच्या कांठीं राहणाऱ्या आमच्या मुलाला तो ठाऊक नसला, तर त्याचा दोष सायक्ससाहेबांकडे जात नाहीं.

यापुढचें काम मात्र आमचें आहे. शहराचें व कारखान्यांचें सांडपाणी नदींत शिरलें म्हणजे त्यांतील घाण कुजविणारे सूक्ष्म जंतु पाण्यांतला सारा प्राणवायु खाऊन टाकतात. नदी दिसावयास भरलेली असते, पण माशाच्या दृष्टीनें ती उकळून निववलेल्या पाण्यासारखी झालेली असते. अलीकडच्या वर्षांत आळंदीस इंद्रायणीच्या पात्रावर पांढऱ्या फेंसाचे थर तरंगतांना वारकऱ्यांनीं अनेकदां पाहिले आहेत. अशा पाण्यांत मरळ एखादे वेळीं हवेचा घोट घेऊन निभावेल. खडशी व नकटा निभावणार नाहींत. त्या गेल्या म्हणजे सायक्ससाहेबांचीं पानें तेवढीं राहतील, आणि त्या पानांवरचीं मराठी नांवें थडग्यावरच्या अक्षरांसारखीं वाचावीं लागतील.

मावळांतील विद्यार्थ्यांना आम्ही एवढेंच सुचवितों. सुटींत गांवीं गेलां म्हणजे नदीवर जा. जो म्हातारा जाळें विणीत बसला असेल त्याला माशांचीं नांवें विचारा आणि वहींत लिहून घ्या. पहांटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंडें उघडीत असतील, तर त्या पाण्यांत श्वास उणा पडला आहे असें समजा, आणि तारीख टिपून ठेवा. उष्णतामापक मिळाला तर पाण्याची उष्णता रोज त्याच वेळीं मोजा. हें काम लहान वाटेल. पण कोवळ्या वयाचा एक परका मुलगा बंदूक घेऊन या देशांत आला, आणि आज त्याची ओळख उरली ती त्याच्या वहींतल्या अशाच लहान लहान टिपणांमुळें, हें ध्यानांत असूं द्या. त्यानें माशांचीं नांवें लिहून ठेविलीं. ते मासे श्वास घेत राहतील कीं नाहीं, याचा जाब पुढची पिढी आपणांस विचारील.